खोक्यात निघालेली एक इंच जमीन



वेफर्सच्या पुड्यात काही 'फ्री' असलं की मुलं आधी ते शोधतात, वेफर्स नंतर खातात. ही युक्ती जुनी आहे बरं का! अमेरिकेत १९४० आणि १९५० च्या दशकांत कॉर्नफ्लेक्ससारख्या नाश्त्याच्या खोक्यांबरोबर खेळणी मिळायची. त्यातली बरीच 'वेस्टर्न', म्हणजे काउबॉय, घोडेस्वार, शेरीफ यांच्या मालिकांवर बेतलेली असत. याला कारण होतं. 'लोन रेंजर' या मालिकेची प्रायोजक जनरल मिल्स, तर 'रॉय रॉजर्स'ची पोस्ट. दोघीही नाश्त्याच्या कंपन्या! आज ही खेळणी हौशी संग्राहक जमवतात. त्यातले तीन नमुने पाहू.

१. अणुबॉम्ब अंगठी (१९४७)

लोन रेंजर टीव्हीवर आला १९४९ मध्ये. त्याआधी तो रेडिओवर गाजत होता. किक्स या नाश्त्याच्या खोक्याचं झाकण आणि १५ सेंट पोस्टाने पाठवले की त्याची अंगठी घरी यायची. तिच्यात पोलोनियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अगदी सूक्ष्म अंश होता. अंधारात डोळ्याजवळ धरली की आत बारीक ठिणग्या चमकताना दिसत. पण हे पोलोनियम दर १३८ दिवसांनी निम्मं होतं. दोन वर्षांत जेमतेम चाळिसावा भाग उरतो. म्हणून संग्राहकाच्या हातातली अंगठी आज चमकत नाही.

२. कागदी गाव (१९४८)

चीरिओजच्या खोक्यांच्या मागच्या बाजूला लोन रेंजरच्या गावातल्या इमारती छापलेल्या असत. त्या कापायच्या, दुमडायच्या आणि पोस्टाने मागवलेल्या नकाशावर मांडायच्या. मुलं मनसोक्त खेळली, पुठ्ठे फाटले, कचऱ्यात गेले. म्हणूनच न कापलेलं अख्खं खोकं आज दुर्मिळ आहे.

३. एक चौरस इंच जमीन (१९५५)

कॅनडातल्या युकॉन भागातला पोलीस 'सार्जंट प्रेस्टन' रेडिओवरून त्याच वर्षी टीव्हीवर आला. क्वेकर ओट्स कंपनीने त्याच्या नावाने खोक्यांत चक्क जमिनीचं खरेदीखत घातलं: युकॉनमधली एक चौरस इंच जमीन! असे कागद छापले सुमारे २ कोटी १० लाख. जमीन खरी होती, १९.११ एकर. पण एकाही मुलाच्या नावाची सरकारदरबारी नोंद झाली नाही. पुढे ३७ डॉलर २० सेंट कर थकला आणि १९६५ मध्ये जमीन सरकारजमा झाली. नंतरही कित्येक वर्षं लोक कंपनीला विचारत राहिले, "आमची जमीन कुठे आहे?" एवढे कागद छापले गेल्यामुळे, जुना असूनही हा कागद फारसा महाग नाही.

यातून काय शिकायचं?

एक, वस्तू जुनी आहे म्हणून मौल्यवान ठरत नाही. किती शिल्लक आहेत आणि कोणत्या अवस्थेत आहेत, हे संग्राहक आधी बघतो. दोन, 'फुकट' वस्तूची किंमत खोक्याच्या किमतीत धरलेली असतेच. मुलाच्या हट्टापायी ती आपणच भरतो.

वर्गात करून बघा

• गणित: १ गुंठा = १०८९ चौरस फूट आणि १ चौरस फूट = १४४ चौरस इंच. मग २ कोटी १० लाख चौरस इंच म्हणजे किती गुंठे? (उत्तर: सुमारे १३४ गुंठे, म्हणजे ३ एकर १४ गुंठे.)

• भाषा: घरातलं 'फ्री' लिहिलेलं एखादं पाकीट मुलांना आणायला सांगा. मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय आणि बारीक अक्षरांत काय, हे दोन रकान्यांत लिहून घ्या.

• चर्चा: जमिनीचा नुसता कागद हातात असला की जमीन आपली होते का? सातबारावर नाव का लागतं? हे मुलांनी घरच्या मोठ्यांना विचारून यायचं.

मुलांना 'फ्री'चा मोह होणारच, त्यासाठी रागावू नका. पण पुडा फोडण्याआधी बारीक अक्षरं वाचायची सवय आतापासून लागली, तर मोठेपणी खऱ्या कागदावर सही करतानाही ती उपयोगी पडेल.