कल्पनाच्या घराण्यातला डबा

आमच्या घरी इंटरनेट हॉलमध्ये येतं आणि तिथल्या राउटरपासून एकच लॅन केबल भिंतीतल्या पाइपातून आतल्या खोलीत जाते. त्या खोलीत आता टीव्ही, कॉम्प्युटर आणि प्रिंटर अशी तीन गिऱ्हाइकं झाली. पुन्हा भिंत फोडायची नव्हती, म्हणून दुकानातून एका तोंडाची दोन तोंडं करणारा जोड आणला. एकटा कॉम्प्युटर लावला की चाले. टीव्हीची वायर खोचली की दोघंही गप्प. दोन दिवस मी भिंतीतल्या केबलवरच संशय घेत होतो.

केबल चांगली होती. विजेच्या एका पॉइंटवर मल्टिप्लग लावून पंखा आणि दिवा दोन्ही चालतात, कारण दोघांना एकच वीज हवी असते. लॅन केबलमधून बोलणं जातं. तिच्यात आठ तारा, म्हणजे चार जोड्या. आणि दोन टोकांना दोनच बोलणारे असणार, हे धरून ती बनवलेली. तिसरा नुसता तारेला तार लावून शिरला की कोणाचंच धड ऐकू जात नाही. दोन-दोन जोड्या वाटून देणारे जोडही मिळतात, पण ते दोन्ही टोकांना लावावे लागतात, राउटरचे दोन पोर्ट अडवतात आणि वेग सेकंदाला १०० मेगाबिटच्या वर जात नाही. त्या वाटेला जाऊच नये. सरळ स्विच घ्यावा.

स्विच म्हटलं की आपल्याला दिव्याचं बटण आठवतं. हा तळहातावर मावणारा डबा आहे. पाच पोर्ट, एक छोटा अडाप्टर. भिंतीतली केबल एका पोर्टात, उरलेल्या चारांत चार यंत्रं. सेटिंग काही करावं लागत नाही.

आत जे चालतं ते फार सुंदर आहे. प्रत्येक यंत्राला ४८ बिटांचा स्वतःचा पत्ता असतो. निरोपाच्या माथ्यावर ‘कोणाला’ आणि ‘कोणाकडून’ असे दोन पत्ते. स्विच ‘कोणाकडून’ वाचतो आणि तो निरोप कोणत्या पोर्टातून आला ते टिपून ठेवतो. ज्याला द्यायचा तो माहीत नसेल, तर आला ते दार सोडून बाकी सगळ्या दारांवर हाक मारतो. त्याने उत्तर दिलं की त्याचीही नोंद झाली. पुढचे निरोप थेट त्याच्या दारी. प्रिंटरची वायर दुसऱ्या पोर्टात हलवा, तिथून तो पहिला शब्द बोलला की नोंद आपोआप बदलते.

हे सुख सुरुवातीला नव्हतं. १९७३मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफने लॅनवरच्या या बोलण्याच्या रीतीची, म्हणजे इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्जच्या साथीने ती उभी केली, तेव्हा सगळी यंत्रं एकाच केबलला लटकलेली असत. एका वेळी एकानेच बोलायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांनीही थांबायचं आणि थोड्या मागेपुढे वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. नंतर आलेला हब नावाचा डबाही एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकवायचा. प्रत्येकाला स्वतंत्र दार देणारा सात पोर्टचा इथरनेट स्विच १९९०च्या सुमारास अमेरिकेतल्या ज्या कंपनीने आणला, तिचं नाव कल्पना. सहसंस्थापक विनोद भारद्वाज यांच्या पत्नीचं नाव कंपनीला दिलं होतं. १९९४मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. माझ्या डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकताना पाहिला की हे नाव आठवतं आणि मनापासून बरं वाटतं.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. परवा मुलीने आवराआवर करताना केबलचं मोकळं टोक दिसलं त्या पोर्टात खोचलं. दुसरं टोक त्याच डब्यात होतं. सगळे दिवे एकदम थरथरू लागले, हॉलमधलं वायफायही बसलं. सगळ्यांसाठी मारलेली हाक वर्तुळात सापडली होती. ती फिरतच राहते, वाढतच जाते. ऑफिसातले मोठे स्विच रेडिया पर्लमन यांनी १९८५मध्ये दिलेल्या रीतीने अशी वर्तुळं हुडकून एक वाट बंद करतात. घरगुती डब्यात बहुधा ती सोय नसते. मी टोक उपटलं. थोड्याच वेळात दिवे शांत झाले आणि आतून टीव्हीचा आवाज आला.