क्षयाचें निदान आणि हरवलेले दिवस

दक्षाच्या कन्यांपैकीं एकट्या रोहिणीवरच चंद्रानें प्रेम केलें, म्हणून दक्षाच्या शापानें त्याला क्षय जडला, अशी पुराणांतरीं कथा आहे. नक्षत्रांच्या राजाला झालेला रोग तो राजयक्ष्मा. कथेंतील चंद्राला निदान उःशाप तरी मिळाला. तो पंधरा दिवस झिजतो आणि पंधरा दिवस वाढतो. मनुष्याच्या वांट्याला मात्र हजारों वर्षें नुसतें झिजणेंच आलें होतें.

बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांनीं २४ मार्च १८८२ रोजीं या रोगाचा जंतु विद्वानांच्या सभेपुढें मांडला. त्यानंतर चारच वर्षांनीं, मार्च १८८६ मध्यें, आनंदीबाई जोशी यांनीं फिलाडेल्फियास वैद्यकाची पदवी मिळविली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. जंतूचें स्वरूप ठाऊक झालें होतें, रोगी स्वतः डॉक्टर होती. परंतु त्या जंतूवर चालणारें एकहि औषध त्या वेळीं पृथ्वीच्या पाठीवर नव्हतें. स्ट्रेप्टोमायसिन हें पहिलें परिणामकारक औषध १९४३ सालीं हातीं आलें. आज साध्या क्षयाचा रोगी सहा महिने नेमानें औषध घेईल तर बहुधा पूर्ण बरा होतो, आणि तें औषध सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतें. असें असूनहि जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा एकट्या हिंदुस्थानांत आहे आणि या रोगानें माणसें अद्याप दगावतात. आनंदीबाईंच्या काळीं रोग ओळखूनहि उपाय नव्हता. आज उपाय हाताशीं असून रोग वेळेवर ओळखला जात नाहीं. ही अडचण कोठें व कशी उत्पन्न होते, तें पाहण्यास खानदेशासारखा मुलूख पुरेसा आहे.

प्रथम शत्रूचा स्वभाव ध्यानांत घ्यावा. पुष्कळसे सामान्य जंतु अनुकूल स्थितींत वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठीं वीस तासांच्या आसपास लागतात. म्हणून हा रोग हिंवतापासारखा दार फोडून येत नाहीं, वाळवीसारखा येतो. थोडा खोकला, संध्याकाळची कणकण, रात्रीं घाम, अन्नावरची वासना कमी, सदरा किंवा चोळी थोडी सैल. यांपैकीं कोणतेंहि लक्षण एकटें घेतलें तर त्याला दुसरें साधें कारण सांपडतेंच.

आणि खानदेशांत अशीं कारणें पदोपदीं सांपडतात. जळगांवच्या डाळगिरण्यांत भुसा उडतो, जिनिंगमध्यें कापसाचे तंतु नाकातोंडांत जातात, धुळ्यास यंत्रमागांची धूळ आहे. तेव्हां खोकला हा धंद्याचा म्हणून सोडून दिला जातो. विडी ओढणारा तो विडीवर घालतो. वैशाखांत भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत गेला म्हणजे अन्न जात नाहीं आणि अंग सुकतें. तें उन्हाळ्यावर घातलें जातें. साक्री, शिरपूर, चोपडा या बाजूंचीं कित्येक भिल्ल व पावरा कुटुंबें पावसाळा सरल्यावर ऊसतोडीस दूरच्या मुलखांत जातात. एका गांवीं सुरू झालेला खोकला दुसऱ्या गांवीं वाढतो, आणि पहिल्या डॉक्टरची चिठ्ठी तिसऱ्या गांवीं पोंचतच नाहीं.

चोपड्याकडील एका शेतमजूर स्त्रीची येथें कल्पना करावी. दिवाळीच्या सुमारास तिला खोकला लागतो. कापसाची वेचणी ऐन भरांत आहे. मजुरी वजनावर मिळते, म्हणजे एक दिवस दवाखान्यांत घालविणें म्हणजे त्या दिवसाची भाकर घालविणें. ती आलें-तुळशीचा काढा घेते. पुढें गांवांतील डॉक्टरकडे जाते. तो एक इंजेक्शन, खोकल्याची बाटली व पांच दिवसांच्या गोळ्या देतो. तिला थोडें बरें वाटतें. संक्रांतीला ताप पुन्हां येतो. आतां तालुक्याच्या गांवचा डॉक्टर विषमज्वर म्हणून औषध देतो, सलाईन लावतो आणि पुन्हां चार दिवस बरे जातात. शिमग्याच्या सुमारास बेडक्यांत रक्त दिसतें. तेव्हां नवरा उसनवारी करून तिला शहरांत नेतो. तेथें छातीचा फोटो निघतो, बेडका तपासला जातो आणि पाडव्याच्या आगेंमागें रोगाचें नांव कळतें. या पांच महिन्यांत तिची तीन वर्षांची मुलगी रोज तिच्या कुशींत झोंपलेली असते.

यांत दोष कोणाचा, असें विचारलें तर सुशिक्षित मनुष्य चटकन् म्हणतो, खेड्यांतील लोकांच्या अज्ञानाचा. हा समज साठ वर्षांपूर्वींच खोटा ठरला आहे. देबाबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनीं कर्नाटकांतील तुमकूर जिल्ह्यांत केलेली पाहणी १९६३ सालीं प्रसिद्ध झाली. बेडक्यांत जंतु सांपडलेल्या रोग्यांपैकीं निम्म्यांहून अधिक लोक आपण होऊन दवाखान्याची पायरी चढून आले होते, असें तींत आढळलें. ते आले, आणि खोकल्याचें औषध घेऊन परत गेले. रोगी दारापर्यंत आला होता. त्याला ओळखलें गेलें नाहीं.

पुढील पन्नास वर्षांत चित्र कितपत बदललें? भारतांत झालेल्या अनेक पाहण्यांचा एकत्र विचार करून २०१४ सालीं काढलेल्या निष्कर्षाप्रमाणें, पहिल्या लक्षणापासून उपचार सुरू होईपर्यंतचा काळ मध्यम मानानें सुमारें ५५ दिवस होता. त्यांपैकीं रोग्यानें घरीं काढलेले दिवस सुमारें १८, तर पहिल्या डॉक्टरकडे गेल्यानंतर निदान होईपर्यंत गेलेले दिवस सुमारें ३१. निदानापूर्वीं रोग्याला सरासरीनें जवळजवळ तीन वैद्यकीय व्यावसायिकांचीं दारें हिंडावीं लागलीं. अर्थात् अधिक वेळ मोडला तो दवाखान्याच्या बांकावर.

डॉक्टर सारे निष्काळजी असतात, असा याचा अर्थ करणें अन्यायाचें होईल. त्यांच्याकडे येणाऱ्या शंभर खोकल्यांतील बहुतेक खोकले साधेच असतात, आणि पहिल्या खेपेला साधें औषध देणें वाजवीहि असतें. चूक होते ती दुसऱ्या व तिसऱ्या खेपेला. रोगी दाम मोजतो तो औषधासाठीं. नुसती बेडका तपासण्याची चिठ्ठी हातीं दिली तर, ‘यानें कांहींच दिलें नाहीं,’ असें म्हणून तो दुसरीकडे जातो. म्हणून डॉक्टर औषध बदलतो, तपासणी पुढें ढकलतो. दिल्लींत शिकवून तयार केलेल्या माणसांना क्षयरोग्याचीं लक्षणें सांगावयास लावून खासगी डॉक्टरांकडे पाठविण्यांत आलें होतें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत २५० भेटींपैकीं अवघ्या ५२ भेटींत योग्य तें झालें.

यापेक्षांहि फसवी गोष्ट म्हणजे मधलें बरें वाटणें. फ्लुरोक्विनोलोन जातीचीं प्रतिजैविकें क्षयाच्या जंतूंवरहि कांहीं अंशीं चालतात. चार-आठ दिवस दिलीं कीं जंतु कमी होतात, मरत मात्र नाहींत. ताप उतरतो, बेडक्याची तपासणी निर्दोष येते, आणि उरलेले जंतु त्या औषधाला सरावूं लागतात. दम्यासाठीं दिलेल्या स्टिरॉइडनें भूक लागते व ताप दबतो, पण शरीराची झुंजण्याची शक्तिहि दबते. त्या स्त्रीला जे चार दिवस बरे गेले, तेच तिला सर्वांत महाग पडले.

हरवलेल्या दिवसांची किंमत एकटा रोगी देत नाहीं. ज्याच्या बेडक्यांत जंतु आहेत असा उपचाराविना राहिलेला रोगी वर्षांत दहा ते पंधरा जणांना संसर्ग पोंचवूं शकतो, असें मानतात. योग्य औषध सुरू झालें कीं संसर्गाची भीति लवकरच ओसरूं लागते. म्हणून निदान हाच शेजाऱ्यांचा खरा बचाव होय. शिवाय फुप्फुसाचा जो भाग रोगानें पोखरला, तो औषधानें पूर्ववत् होत नाहीं. पांच महिन्यांनीं बरी झालेली स्त्री पुष्कळदां जन्मभर चढावर धापा टाकते.

तपासणीचीं साधनें आतां पूर्वींसारखीं तोकडीं नाहींत. सूक्ष्मदर्शकांत जंतु दिसावयास बेडक्याच्या एका मिलिलिटरांत पांच ते दहा हजार जंतु असावे लागतात. म्हणून आरंभींचा रोग त्यांतून निसटत असे. जंतूंची वाढ करून पाहण्याच्या पद्धतीस कित्येक आठवडे लागतात. आतांचें सीबीनॅट यंत्र शंभर-सव्वाशें जंतूंवरूनहि सुमारें दोन तासांत रोग ओळखतें आणि रिफाम्पिसिन हें मुख्य औषध लागू पडेल कीं नाहीं तेंहि सांगतें. गोव्यांत तयार होणारें ट्रूनॅट हें यंत्र बॅटरीवर चालत असल्यानें लहान गांवींहि नेतां येतें. छातीच्या क्ष-किरण फोटोचें महत्त्व २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीनें दाखवून दिलें: फोटो काढला नसता तर सांपडलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा ४३ निसटले असते. त्याच पाहणींत लक्षणें असलेल्यांपैकीं शेंकडा ६४ जणांनीं कोठेंच उपचार घेतलेले नव्हते. यंत्र कितीहि कुशल असलें तरी त्याच्यापर्यंत बेडका पोंचवावा लागतो, तो माणसानेंच.

येथें शहरांतील सुशिक्षित घरांचा संबंध येतो. हा रोग गरिबांचा, अशी समजूत या घरांत आहे. पण मधुमेह असलेल्यास क्षयाचा धोका दुपटी-तिपटीनें वाढतो, आणि मधुमेह हा तर या घरांचा नित्याचा पाहुणा. मुलीच्या लग्नांत अडचण येईल या भयानें गळ्याची गांठ लपविली जाते, तीहि याच घरांत. भांडीं घासणारी बाई महिनाभर खोकत असेल तर तिला कामावरून काढलें जातें. ती दुसऱ्या घरीं कामाला लागते आणि तेथें खोकला लपविते. त्याऐवजीं एका दिवसाची मजुरी न कापतां तिला सरकारी दवाखान्यांत तपासणीस पाठविलें, तर तिचे दोन महिने वांचतात.

नियम सोपा आहे. दोन आठवडे खोकला किंवा ताप टिकला, वजन उतरलें, रात्रीं घाम आला किंवा बेडक्यांत रक्त दिसलें, तर औषध बदलण्यापूर्वीं बेडका तपासावा व छातीचा फोटो काढावा. तपासणीस थुंकी चालत नाहीं. खोल श्वास घेऊन छातींतून काढलेला बेडका लागतो, आणि त्यांतहि पहांटेचा उत्तम. रोग ठरला तर घरांतील प्रत्येकाची, विशेषतः पांच वर्षांखालील मुलांची, तपासणी करावी. ज्यांना अद्याप रोग झालेला नाहीं त्यांच्यासाठीं प्रतिबंधक औषध आहे. उपचार चालू असेपर्यंत रोग्याला आहारासाठीं सरकारकडून दरमहा मदत मिळते. २०१८ सालीं ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली.

चोपड्याकडील त्या स्त्रीला गांवांतील डॉक्टरनें दुसऱ्या खेपेला बाटलीबरोबर बेडक्याची एक डबी दिली असती, तर संक्रांतीपूर्वींच तिचें औषध सुरू झालें असतें, आणि तिची मुलगी तपासणीच्या रांगेंत तापानें फणफणत उभी राहिली नसती.