इंग्रजी उच्चारांतील आघात

अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथें अमेरिकन मिशनऱ्यांनीं 1831 मध्यें ठाणें घातलें, 1947 मध्यें अहमदनगर कॉलेज निघालें. इंग्रजीचें शिक्षण तेथें जुनें. तरीही व्याकरण बिनचूक असतां परका श्रोता "काय म्हणालांत?" असें विचारतो, तें कां? मराठींत अक्षरें जवळजवळ सारख्याच जोरानें उच्चारतात. इंग्रजींत एकावर आघात पडतो व शेजारचीं पुसट होतात. 'रेकॉर्ड' हें नाम असतां आघात पहिल्या अक्षरावर, क्रियापद असतां दुसऱ्यावर. साहेबी नकलेचें मात्र कांहीं कारण नाहीं. सुरांचे चढउतार तर घरचेच आहेत: "तूं जेवलास" हें विधान कीं प्रश्न, तें केवळ सुरावरून कळतें. शिक्षकानें तेथूनच आरंभ करावा. मग रेडिओवरील इंग्रजी बातम्यांतलें एकच वाक्य घ्यावें आणि आघाताच्या अक्षरावर टिचकी वाजवीत विद्यार्थ्यांकडून पांच वेळां म्हणवून घ्यावें.