आखूड आतड्याची भूक

प्रौढ माणसाचे लहान आतडे साधारणतः सहा मीटर लांब असते. पीळ पडल्याने किंवा रक्तपुरवठा खंडित झाल्याने त्याचा मोठा भाग कापावा लागला आणि दोन मीटरहून कमी आतडे उरले, तर पोषण धोक्यात येते. कापलेला भाग पुन्हा उगवत नाही. मात्र उरलेले आतडे रुंदावते, त्याच्या अस्तरावरील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे लांब होतात आणि अन्नरस शोषणारे क्षेत्र वाढते. हे काम सुमारे दोन वर्षे चालते.

या बदलाला खरी चालना मिळते ती आतड्यातून जाणाऱ्या अन्नामुळे. केवळ शिरेवाटे पोषण दिल्यास रुग्ण तगतो. पण रिकाम्या आतड्याचे अस्तर झिजते. म्हणूनच प्रकृती स्थिरावताच डॉक्टर थोडे थोडे खाण्याचा आग्रह धरतात. अन्न पोहोचल्यावर आतडे स्वतःच वाढीचे संप्रेरक स्रवते. त्याच्याच धर्तीवरील टेड्युग्लुटाइड या औषधाला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली.

कोणता भाग गेला, हेही निर्णायक ठरते. लहान आतड्याचा शेवटचा भाग मधल्या भागाचे काम बऱ्याच अंशी शिकतो. उलट मात्र घडत नाही. शेवटचा भाग गेल्यास ‘ब-१२’ जीवनसत्त्व बहुधा आयुष्यभर इंजेक्शनने घ्यावे लागते.

नातेवाइकांची गल्लत होते ती पाण्याबाबत. तहानेपोटी भरपूर साधे पाणी पाजल्यास, विशेषतः मोठे आतडेही काढलेले असल्यास, शरीरातील क्षार आतड्यात उतरतात आणि शुष्कता वाढते. अशा रुग्णाला डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातील मीठ-साखरेचे पाणी घोटाघोटाने द्यावे लागते.