पुढचं होल? दोनशे किलोमीटरवर!

जगातल्या सगळ्यांत लांब गोल्फ कोर्सवर पहिल्या होलपासून अठराव्यापर्यंत जायला तीन-चार दिवस लागतात. वाटेत अनेकदा पेट्रोल भरावं लागतं, दोनदा घड्याळ मागे करावं लागतं आणि एका ठिकाणी सरकारी माणूस तुमची लिंबं काढून घेतो.

या कोर्सचं नाव नलारबॉर लिंक्स. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण काठाला समुद्र आणि वाळवंट यांच्या मधून एअर हायवे धावतो. त्या हायवेवर आणि त्याच्या पुढच्या रस्त्यावर सेडुना ते कॅलगुर्ली अशी ही अठरा होलं 1,365 किलोमीटरांत पसरलेली आहेत. मुंबईत पहिला फटका मारायचा आणि शेवटचा दिल्लीच्या जवळपास, असा हा मामला. पार मात्र कुठल्याही सभ्य कोर्ससारखा 72. ऑक्टोबर 2009 मध्ये हा कोर्स सुरू झाला. मित्रांचा ग्रुप गाडीत घालून वाळवंटात गोल्फ खेळायला न्यायचं कुणाच्या डोक्यात असेल, तर अ‍ॅरिझोना आणि दुबई जरा बाजूला ठेवा. तिथे गोल्फ आहे, हिरवळ आहे, पण अशी गंमत नाही.

झोप उडवण्यासाठी गोल्फ

हा कोर्स कुणा गोल्फवेड्या अब्जाधीशाने बांधलेला नाही. याच हायवेवरच्या बाल्डोनिया इथल्या रोडहाउसशी संबंधित बॉब बोंजॉर्नो आणि त्यांचे सहकारी आल्फ कपुटो यांची ही कल्पना. अडचण साधी होती. लोक या रस्त्यावरून सुसाट निघून जायचे, कंटाळून स्टिअरिंगवर पेंगायचे आणि वाटेतल्या धाब्यांवर एक चहासुद्धा प्यायचे नाहीत. मग प्रत्येक थांब्यावर एक होल ठेवलं. गाडीतून उतरा, पाय मोकळे करा, चेंडू मारा, काहीतरी खा, कार्डावर शिक्का घ्या आणि पुढे निघा.

त्यामुळे या सहलीला माणसं निवडताना हॅंडिकॅप विचारू नका, ‘वाटेत थांबतोस का?’ एवढंच विचारा. ‘आता एकदम रात्रीच्या मुक्कामालाच थांबू’ म्हणणारा एक तरी मित्र प्रत्येक ग्रुपात असतो. त्याला प्रेमाने घरीच ठेवा.

किटमध्ये काय?

नियमाने चौदा क्लब नेता येतात. इथे दोन-तीन लोखंडी क्लब आणि एक पटर पुरे. टी आणि ग्रीनवर कृत्रिम गवताची चटई असते. मधल्या फेअरवेवर निसर्गाच्या मनात येईल ते: खडे, खुरटी झुडपं, लाल माती, वाळू. घरचा महागडा ड्रायव्हर या खड्यांवर घासायला आणू नये. चेंडू भडक नारिंगी किंवा पिवळे घ्या आणि स्वस्तातले घ्या. हरवलेला चेंडू शोधायला आंतरराष्ट्रीय नियमाने 2019 पासून पाचाऐवजी तीनच मिनिटं मिळतात. वाळवंटात हा नियम साप टाळण्यासाठीच केला असावा असं वाटतं.

साप दिसलाच तर नियम तुमच्या बाजूने आहेत. विषारी सापाजवळ चेंडू पडला तर दंडाशिवाय तो सुरक्षित जागी ठेवता येतो. काटेरी झुडपात पडला तर मात्र ही सवलत नाही. काटे हे ज्याचे त्याने सोसायचे, असं नियमकर्त्यांचं मत दिसतं.

आणि हो, चेंडू पळवणारे कावळेही आहेत.

पंचेचाळीस मिनिटांचं घड्याळ

अर्ध्या तासाच्या वेळेची सवय आपल्याला आहे, पण पाऊण तासाची? युक्ला आणि आसपासच्या चिमुकल्या वस्त्यांनी स्वतःची वेळ ठरवून घेतली आहे: ग्रीनिचपेक्षा 8 तास 45 मिनिटं पुढे. ही वेळ पूर्णपणे अधिकृत नाही, पण रस्त्यावरच्या पाट्या आणि रोडहाउसातली घड्याळं तीच पाळतात. पश्चिमेकडे जाताना तिथल्या हिवाळ्यात दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर पाऊण तास मिळतो आणि काइगुनाजवळ आणखी पाऊण तास. उन्हाळ्यात दक्षिण ऑस्ट्रेलिया घड्याळ तासभर पुढे करतो, मग पहिलाच हिशेब पावणेदोन तासांचा होतो. युक्लाहून घरी फोन करायचा तर भारतापेक्षा सव्वातीन तास पुढे, हे लक्षात ठेवलं की झालं. फोन लागला तर. दोन रोडहाउसांच्या मधल्या बहुतेक पट्ट्यात मोबाइलला रेंज नसते.

होलांची नावं, होलांच्या गोष्टी

या कोर्सचा खरा खजिना इथे आहे. जवळपास प्रत्येक होलाच्या नावामागे काहीतरी घडलेलं आहे, आणि खोटं घडलेलंसुद्धा.

सेडुनाचं पहिलं होल ‘ऑयस्टर बेड्स’, कारण हे गाव कालवांसाठी प्रसिद्ध. कालवं खाऊन मगच निघा, पुढे हजार किलोमीटर मुख्यतः बर्गर आहेत. तिसरं पेनाँगला, नाव ‘विंडमिल्स’. गावात जुन्या पवनचक्क्यांचं उघड्यावरचं संग्रहालयच आहे. चौथं नंड्रूला, वोम्बॅटच्या नावाने. हा गुबगुबीत प्राणी जमिनीत बिळं करतो, म्हणजे होल पाडण्यातला इथला मूळ तज्ज्ञ तोच.

सातवं युक्लाला, ‘नलारबॉर निंफ’. 1971 च्या अखेरीस बातमी पसरली की कांगारूंच्या कळपात एक सोनेरी केसांची, अर्धवस्त्र तरुणी राहते. जगभरचे पत्रकार धावत आले. 1972 मध्ये उघड झालं की युक्लाच्या मूठभर रहिवाशांनी प्रसिद्धीसाठी रचलेलं ते नाटक होतं. मार्केटिंगचं शिक्षण न घेता केलेली इतकी यशस्वी मोहीम विरळाच. खरं पाहण्यासारखं मात्र गावाखाली वाळूत बुडालेलं 1877 चं तारघर आहे. इथे दोन वसाहतींचे तारमास्तर समोरासमोर बसायचे आणि एकाकडे आलेला निरोप कागदावर लिहून पलीकडच्याला द्यायचे, कारण दोन्हीकडची मोर्स लिपी वेगळी होती. पुढे सशांनी किनाऱ्यावरची झाडी खाऊन टाकली, वाळू मोकळी झाली आणि इमारत गिळून बसली.

नववं मदुराचं, ‘ब्रंबीज रन’. ब्रंबी म्हणजे रानटी घोडे. मदुराची वस्ती 1876 मध्ये झाली ती हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेसाठी घोडे पैदा करायला. इथून घोडे आपल्याकडे यायचे आणि आपल्याकडून उंट तिकडे जायचे! ऑस्ट्रेलिया दक्षिणोत्तर ओलांडायला निघालेल्या 1860 च्या बर्क आणि विल्स मोहिमेसाठीचे उंट कराचीहून जहाजाने मेलबर्नला गेले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. पुढे आणखी हजारो उंट आले. मोटारी आल्यावर त्यांना मोकळं सोडून दिलं आणि त्यांचे वंशज आज ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात मोकाट फिरतात. एअर हायवेवरच्या पिवळ्या पाटीवर उंट, वोम्बॅट आणि कांगारू हे तिघं एका रांगेत दिसतात. तिथे ग्रुप फोटो काढलाच पाहिजे, वाद नको.

बारावं बाल्डोनियाचं, ‘स्कायलॅब’. जुलै 1979 मध्ये अमेरिकेचं अवकाशस्थानक स्कायलॅब कोसळलं, तेव्हा आपल्याकडेही घराघरांत धास्ती होती की डोक्यावर पडतं की काय. ते पडलं इथे, किनाऱ्यावरच्या एस्परन्स गावापासून बाल्डोनियाच्या परिसरापर्यंत. एस्परन्सच्या नगरपालिकेने नासाला कचरा टाकल्याबद्दल 400 डॉलरचा दंड ठोठावला. नासाने भरला नाही. शेवटी 2009 मध्ये एका अमेरिकन रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून तो भरला. आकाशातून काही ना काही पडण्याची या भागाला सवयच असावी. मुंड्राबिलाजवळ, जिथे आठवं होल आहे, 1966 मध्ये सापडलेल्या उल्केचा सर्वांत मोठा तुकडा दहा टनांहून जड भरला.

फ्रेझर रेंजचं तेरावं मेंढ्यांचं. नॉर्समनचं ‘गोल्डन हॉर्स’ एका घोड्याचं. 1894 मध्ये हार्डी नॉर्समन नावाच्या घोड्याने बांधल्या जागी खूर आपटले आणि मालकाला त्यातून सोन्याचा दगड दिसला, अशी कथा आहे. गावाला नाव मिळालं ते घोड्याचं. मालकाचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

स्टिअरिंग न वळवता 146 किलोमीटर

बाल्डोनिया आणि काइगुना यांच्यामध्ये रस्ता 146.6 किलोमीटर अगदी सरळ जातो. अकराव्या होलाचं नावच ‘नाइंटी माइल स्ट्रेट’. वेगमर्यादा ताशी 110. म्हणजे सव्वा तासाहून जास्त वेळ एकही वळण नाही. गाडीतली गाणी कोण लावणार यावरून मैत्री तुटायची तर इथेच तुटेल, आधी ठरवून घ्या. तरी रेल्वेपुढे हे काहीच नाही. जरा उत्तरेला नलारबॉरच्या मैदानातून जाणारा लोहमार्ग 478 किलोमीटर सरळ आहे, जगातला सर्वांत लांब.

हायवेवर मध्येच धावपट्टीसारखे पांढरे पट्टे दिसले तर गोंधळू नका. ती धावपट्टीच आहे. 1928 पासून दुर्गम भागात विमानाने डॉक्टर पोचवणारी फ्लाइंग डॉक्टर सेवा गरज पडली तर रस्त्यावरच विमान उतरवते.

तक्रार करावीशी वाटली, तर आर्थर रिचर्डसनची आठवण काढा. त्याने 1896 मध्ये कूलगार्डीहून अ‍ॅडलेडपर्यंतचा रस्ता सायकलवर 31 दिवसांत कापला. तेव्हा डांबर कुठलं? हा हायवे पूर्ण डांबरी झाला तो 1976 मध्ये.

पोह्यांवर लिंबू मिळणार नाही

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर, बॉर्डर व्हिलेजजवळ, शेतीच्या रोगराईपासून बचावासाठी गाडीची तपासणी होते. ताजी फळं, भाज्या, मध, रोपं, सगळं काढून घेतात. कढीपत्ता, कोथिंबीर, बटाटे यांचा फडशा आदल्या रात्रीच पाडा. लपवाछपवी नको, दंड मोठा असतो. मुळात भारतातून ऑस्ट्रेलियात शिरतानाही खाण्याचं सगळं विमानतळावर जाहीर करायचं असतं. चकल्या आणायच्याच असतील तर फॉर्मवर लिहा आणि छाती काढून सांगा.

सहावं होल इथेच आहे, राक्षसी आकाराच्या कांगारूच्या पुतळ्याशेजारी. जिवंत कांगारू संध्याकाळनंतर रस्त्यावर येतात आणि दिव्यांकडे पाहत उभे राहतात, म्हणून अंधारात गाडी चालवू नये. भाड्याच्या गाडीच्या विम्यातही रात्रीच्या ग्रामीण प्रवासावर बऱ्याचदा अटी असतात, कागद नीट वाचा. समोर 35 मीटरहून लांब रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, असेल तर ओव्हरटेकची घाई नको.

जायचं केव्हा? मे ते सप्टेंबर. डिसेंबरच्या सुट्टीचा मोह टाळा: 19 डिसेंबर 2019 ला नलारबॉरमध्ये पारा 49.9 अंशांवर होता. तिथल्या हिवाळ्यात वर आणखी एक बक्षीस मिळतं. पाचव्या होलाच्या अलीकडे हेड ऑफ बाइटला सदर्न राइट व्हेल पिल्लांना घेऊन किनाऱ्यालगत येतात आणि कड्यावरून उभ्याउभ्या दिसतात. इथे अर्धा दिवस राखून ठेवा. गोल्फ राहिला तरी चालेल.

वाट वाकडी करायची असेल तर

अ‍ॅडलेडहून येताना पोर्ट ऑगस्टाला उत्तरेकडे वळून साधारण 540 किलोमीटर गेलात की कूबर पीडी लागतं. ओपल खणणाऱ्यांचं गाव. उन्हापासून वाचायला बरेच लोक जमिनीखाली घरं करून राहतात. त्यांच्या गोल्फ कोर्सवर गवताचं पातं नाही. खेळाडू गवताचा छोटा तुकडा बरोबर बाळगतात, त्यावर चेंडू ठेवून मारतात आणि तुकडा उचलून पुढे जातात. कोर्सवर पाटी आहे: गवतावर चालू नये. आणि या क्लबचा दावा आहे की गोल्फची पंढरी असलेल्या सेंट अँड्र्यूजशी त्यांचा परस्पर खेळण्याचा करार आहे. जाऊन-येऊन दोन दिवस जातात. आपलं मत विचाराल तर जावेत.

शेवटी गवत!

कॅलगुर्लीत अठरावं होल येतं तेव्हा समोर खरी हिरवळ दिसते आणि तीन-चार दिवस खड्यांत खेळलेल्यांचे डोळे विस्फारतात. हिरवळीला पाणी लागतं आणि या गावात पाणी मुळात नव्हतंच. 1893 मध्ये पॅडी हॅननला सोनं सापडलं, गाव फुगलं, पाण्याला सोन्याचे भाव आले. सी. वाय. ओकॉनर नावाच्या इंजिनिअरने पर्थजवळच्या धरणातून पाचशेहून अधिक किलोमीटरची जलवाहिनी आखली. ती 1903 मध्ये सुरू झाली. टीकेने खचलेल्या ओकॉनरने त्याच्या आदल्याच वर्षी आत्महत्या केली होती. सुपर पिट ही गावाच्या कडेची उघडी सोन्याची खाण साडेतीन किलोमीटर लांब आणि सहाशे मीटरहून खोल आहे. एवढं मोठं होल कुठल्याही कोर्सवर नाही.

अठरा शिक्क्यांचं कार्ड पर्यटन केंद्रात दाखवलं की प्रमाणपत्र मिळतं, स्कोअर काहीही असो. जेवणाचं बिल टीटीएमएमने वाटून घ्या. मात्र परतीचं विमान पर्थहून असेल तर अजून सहाशे किलोमीटर बाकी आहेत. गाडी कोण चालवणार, हे सगळ्यांत जास्त फटके मारणाऱ्यावर सोपवा.