फुलाच्या नावातली अक्षरे

वसंतात व्याख्यानाला उभे राहायचे म्हणजे फुले आलीच. पण त्यांच्या रंगाविषयी आणि सुवासाविषयी कवी आमच्या आधी पुष्कळ बोलून गेले आहेत. आम्ही बोलणार आहोत ते फुलाच्या नावाविषयी, आणि त्या नावाची अक्षरे सुटी केली तर काय हाती लागते त्याविषयी.

बोईसरहून मुंबईकडे निघालेल्या गाडीत हा खेळ आम्ही पुष्कळदा खेळलो आहोत. एक नाव घ्यायचे आणि त्याचीच अक्षरे मागेपुढे करून लहान शब्द काढायचे. सुरुवात बहुधा स्टेशनांच्या पाट्यांवरून होते. बोईसरमध्ये बोर आहे, रस आहे, सर आहे. पालघरमध्ये पाल आणि घर उघडच दिसतात, पण गावाचा पारही तेथेच दडलेला असतो. तारापुरात तारा आणि पूर आहेत, शिवाय तार आहे. मग १९६९ साली तेथे अणुवीज निघू लागली तिची आठवण कोणीतरी हमखास काढतो. पाट्या संपल्या की फुलांची पाळी येते.

खेळाचा नियम मात्र आधी पक्का करावा लागतो, आणि तो इंग्रजीतून उसना घेऊन चालत नाही. आल्फ्रेड बट्स ह्या अमेरिकन वास्तुशास्त्रज्ञाने वर्तमानपत्रांतली अक्षरे मोजून सोंगट्यांचा एक खेळ रचला. १९४८ पासून तो स्क्रॅबल ह्या नावाने ओळखला जातो. त्या लिपीत स्वर वेगळा, व्यंजन वेगळे; वाटेल तसे जोडावे. आपल्याकडे स्वर व्यंजनाच्या अंगाखांद्यावर बसलेला असतो. 'मोगरा' म्हणजे मो, ग आणि रा अशी तीन अक्षरे. 'रा' मोडून त्यातला नुसता 'र' घ्यायचा नाही, हा आमचा नियम. मग मोगऱ्यातून निघतात गरा आणि राग. कानामात्रा पुसायला मोकळीक दिली तर मात्र त्याच मोगऱ्याची सरळ मगर होते! जव्हार-विक्रमगडच्या शेतकऱ्याने पहाटे खुडून पाठवलेल्या फुलांच्या गजऱ्यात मगर निघावी, हे आम्हांला काही रुचत नाही.

अक्षर गाळावे की मात्रा गाळावी, हा वाद मात्र आजचा नव्हे. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'कादंबरी'त राजाच्या करमणुकींची यादी आहे, तीत अक्षरच्युतक आणि मात्राच्युतक ही दोन्ही नावे आहेत. पहिल्यात एक अक्षर गळते, दुसऱ्यात एक मात्रा, आणि तेवढ्याने अर्थ पालटतो. दरबारी पंडित हे श्लोकावर करीत. आम्ही भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन एका शब्दावर करतो, इतकेच.

शेवंतीतले मधले अक्षर गाळा, शेती उरते. केवड्यात वडा आहे, उलटे वाचले तर डावही आहे. अबोलीत बोली आहे. सोनचाफ्याची गंमत निराळी. 'सोन'चे शेवटचे अक्षर आणि 'चाफा'चे शेवटचे अक्षर एकत्र आले की नफा होतो. वसईच्या वाडीतून फूल दादरच्या बाजारात पोहोचेपर्यंत त्यातला किती कोणाच्या पदरात पडतो, हे बागाईतदारालाच विचारावे. बकुळीच्या तीन अक्षरांत बळ आणि कुळ दोन्ही आहेत. शहरातल्या माणसाला कुळ म्हटले की घराणे आठवते. आमच्या भागात मात्र १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन आणि सातबाऱ्यावर लागलेले कुळ आठवते. शब्द एकच, पण कोण ऐकतो त्यावर सारे आहे.

झेंडू आणि जास्वंद काहीच देत नाहीत. जास्वंदीचे जोडाक्षर कुठेच बसत नाही.

सर्वांत श्रीमंत निघाली ती अंगणातली साधी तगर. त, ग, र. एकालाही काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. अशी तीन अक्षरे दोन-दोन घेऊन सहा प्रकारे मांडता येतात, आणि ह्या सहाही मांडण्या शब्द आहेत: तग धरतो तो तग, खाडी ओलांडून नेते ती तर, मनाची होते ती गत, फळातला गर, कामात गढलेला तो रत आणि अंगातली रग. इतके भरलेले दुसरे फूल आम्हांला सापडले नाही. तिन्ही अक्षरे एकदम घेऊन कोणी 'गरत' म्हणाले, तर 'गरती'चा आधार आहे. आम्ही भांडणार नाही.

आमचे भांडण झाले ते दुसऱ्याच शब्दावरून. समोरच्या बाकावर सफाळ्याला उतरणारा एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. तो एकदम म्हणाला, "काका, रगत!"

त्याच्या वडिलांनी लगेच दटावले, "रगत नव्हे. रक्त म्हणावं. शाळेत काय शिकवतात?" मुलगा गप्प झाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. पुढे कितीतरी वेळ त्याने तोंड उघडले नाही.

आम्ही वडिलांना म्हटले, "अहो, शब्द बरोबर आहे. रगतरोहिडा ह्या झाडाचे नाव तुम्ही ऐकले असेलच." मोल्सवर्थने १८३१ साली कोश काढला आणि १८५७ साली वाढवला, तेव्हा लोकांच्या तोंडचे शब्द गावंढळ म्हणून टाकून दिले नाहीत. १९३२ ते १९३८ ह्या काळात दाते-कर्वे मंडळींनी महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले, त्यांत प्रांतोप्रांतीचे शब्द मानाने बसवले. वारली, वाडवळी, मांगेली बोलणाऱ्या घरांतल्या मुलाला आपण खेळातसुद्धा 'हा शब्दच नाही' म्हणून गप्प केले, तर तो उद्या वर्गात कशाला बोलेल? आमच्या कागदावर 'रगत' आहे, आणि तगरीच्या यादीत तोच शब्द आम्हांला अधिक आवडतो. पांढरेशुभ्र फूल, फांदी मोडली तर दुधासारखा चीक, आणि नावात मात्र रगत.

ह्याची दुसरी बाजूही आहे. गुलाबातून आम्ही कसाबसा 'बला' एवढा एकच शब्द काढला होता. तारापूरच्या कारखान्यांमुळे देशभरातली माणसे बोईसरला येऊन राहिली. त्यांतल्याच एका हिंदीभाषक मुलीने गुलाबाची तिन्ही अक्षरे उलटसुलट करून 'बगुला' केला, म्हणजे आपला बगळा. एकही अक्षर वाया नाही. डाव मराठीचा होता, म्हणून आम्ही तो गुणांत धरला नाही. 'रगत' धरले आणि 'बगुला' सोडला, हा न्याय झाला का, ह्यावर आमच्या डब्यात अजून एकमत नाही.

जाता जाता पारिजातक. पाच वेगवेगळी अक्षरे. दोनपासून पाचांपर्यंत घेऊन त्यांच्या ३२० मांडण्या होतात. आम्हांला त्यांत पाक, पात, जात, कपात, जातक, आणि देवाच्या फुलात शोभू नये असे पातकही सापडले. ह्याहून अधिक ज्यांना सापडतील त्यांनी सभा संपल्यावर कागदावर लिहून द्यावेत. घरात बोलता ते शब्दही चालतील. फक्त अर्थ सांगता आला पाहिजे.