पायाची जखम भरत नाही? आधी कारण शोधा



शहापूर-मुरबाड भागात पाऊस लागला की आपले पाय चिखलात. लावणीत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कापणीनंतर सड टोचतात, रानात काटा मोडतो. धडधाकट माणसाची अशी जखम आठ-पंधरा दिवसांत भरू लागते. पण पंधरा दिवस होऊनही जी जखम भरत नाही, पाणी सोडते, तिला साधी समजू नका.

भात पिवळे पडले की नुसता युरिया टाकून भागत नाही. रोप उपटून मूळ पाहावे लागते. जखमेचेही तसेच आहे. मी शेतीखात्यातला माणूस, औषध डॉक्टरांनीच द्यायचे. पण कारण लवकर ओळखले तर पाय वाचतो.

जखम का रेंगाळते?

पहिले कारण मधुमेह. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पाय बधिर होतात आणि त्यांचा रक्तपुरवठाही कमी होतो. काटा रुतला तरी कळत नाही. झोपेत उंदराने बोट कुरतडले तरी जाग आली नाही, असे रुग्ण आपल्या देशात डॉक्टरांनी पाहिले आहेत. घरात भाताची कणगी असेल तर ही गोष्ट ध्यानात ठेवा.

दुसरे कारण कुष्ठरोग. या रोगाने बोटे आपोआप झडतात, अशी जुनी समजूत होती. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या रुग्णालयात आले. त्यांनी दाखवून दिले की वेदना कळत नाही म्हणून रुग्ण जखमेवरच चालत राहतो आणि त्यामुळे पाय झिजतो. हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो व ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. अंगावर बधिर चट्टा असेल तर लाजून लपवू नका.

तिसरे कारण विडी-तंबाखू. त्याने रक्तवाहिन्या आखडतात. चालताना पोटरी भरून येते, रात्री पाय ठणकतो, बोट काळेनिळे पडते.

चौथे कारण फुगलेल्या शिरा. पोटरीवर गाठी दिसतात, घोट्याजवळची कातडी काळपट होऊन तिथेच जखम होते.

घरच्या घरी तपासा

माणसाला डोळे मिटायला सांगा. त्याच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांना आपल्या बोटाने सेकंदभर हलकेच स्पर्श करा. दाबू नका. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पाय बधिर झाला आहे असे समजून डॉक्टरांना दाखवा. न दुखणारी जखम बरी, असे आपण म्हणतो. खरे तर तीच अधिक धोक्याची.

पायाला जूखालून सोडा

बैलाचा खांदा सोलला की आपण त्याला जुंपत नाही. कितीही औषध लावा, वर जू असेल तर खांदा भरत नाही. तळव्याच्या जखमेवर अंगाचे सगळे ओझे पडते. म्हणून मलमाइतकीच विश्रांती महत्त्वाची. जखम भरल्यावर मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपला वापराव्यात.

हे करा

१. जखम उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन स्वच्छ, कोरड्या कापडाने झाका.
२. प्राथमिक आरोग्य केंद्रात जखम दाखवा. रक्तातील साखर तपासून घ्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.
३. रोज रात्री तळवे व बेचके पाहा. नजर पोचत नसेल तर आरसा धरा किंवा नातवंडांना पाहायला सांगा.
४. चिखलातून आल्यावर पाय धुऊन बेचके कोरडे करा.

हे करू नका

१. जखमेवर शेण, राख, चुना, तंबाखू लावू नका.
२. कुरूप ब्लेडने कापू नका.
३. बधिर पाय शेकोटीवर किंवा गरम विटेने शेकू नका. भाजल्याचे कळणार नाही.
४. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पट्टी आवळून बांधू नका. रक्तपुरवठा कमी असेल तर बोट जाऊ शकते.

ताप आला, लाली किंवा सूज वर चढू लागली, घाण वास येऊ लागला किंवा बोट काळे पडले, तर त्याच दिवशी शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठा. अशा वेळी उशीर झाला तर पाय कापावा लागतो, प्रसंगी जीवही जातो.

'लावणी उरकू दे, मग बघू' असे पुष्कळ जण म्हणतात. चार शेजाऱ्यांना इर्जिकीला बोलावले तर लावणी त्यांच्या हातूनही होईल. गेलेला पाय मात्र कोणी आणून देणार नाही.